सीट आपली पुढे!

हसा, हसा! लग्न परवाचं, आणि मुलीचा मामा आजच हॉलच्या पायरीवर येऊन बसलाय, वळकटी घेऊन, तांब्या घेऊन, रेशमी उपरणं पिशवीत घालून... हसणारच तुम्ही! मघापासून तुमच्यातल्या तिघांनी विचारून झालं, 'काका, तारीख चुकली काय?' नाही चुकली! तारीख मला पाठ आहे, मुहूर्त पाठ आहे, त्या घड्याळाचा मिनिटकाटा कुठे अडखळतो तेसुद्धा पाठ आहे! तुम्ही आपली तोरणं बांधा, हात थांबवू नका, आणि नुसते कान इकडे द्या.

गळ्याची शपथ घेऊन सांगतो, आता जे सांगणार आहे त्यातलं एक अक्षर खोटं नाही. म्हणजे... एखादं अक्षर असेल. एखादं वाक्य म्हणा. पण सीटचा भाग सोळा आणे खरा, तो मी कुणाला खोटा ठरवू देणार नाही, कारण त्याचा वळ माझ्या पोटावर आहे. होता. आता गेला. पण होता!

दोन वर्षांपूर्वी ह्याच हॉलमध्ये, ह्याच वैशाखात, माझ्या थोरल्या भाचीचं, बेबीचं लग्न होतं. बेबी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, नलूची मुलगी. नलूचा नवरा लवकर गेला, बेबी तेव्हा सहा वर्षांची, आणि दुर्गा, परवा जिचं लग्न आहे ती, नुकती पावलं टाकत होती. तेव्हापासून ह्या पोरींना मामा काय तो मी एक. आणि मामा कसा? तर जन्मात कधी वेळेवर न पोचलेला! बेबीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला गेलो, तेव्हा शिपाई फाटकाला कुलूप लावत होता. मग काहीतरी गोष्ट रचायची. काय तर म्हणे ग्रँट रोडला ट्रामच्या रुळांत म्हैस व्याली! नलू कपाळाला हात लावायची. पण बेबी? बेबी डोळे मोठ्ठे करून विचारायची, 'मग मामा, पारडू कसं होतं रे?' की मी सुटलोच, पारडाच्या कपाळावर पांढरा टिळा काढूनच थांबायचो!

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ही पोरगी मला बाजूला घेऊन म्हणते, 'मामा, उद्या गोष्ट नको हं. उद्या नुसता तू ये.'

नुसता तू ये... सांगा, काय मोठं मागितलं? तुम्ही रोज लग्नं बघता, अंतरपाट धरला की भटजी हाळी देतात, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!' मामानं तिला हाताला धरून आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत पाठीशी उभं राहायचं. बस्स! बोलायचं नाही, गायचं नाही, उभं राहायचं. भिंतीतली खुंटी करू शकेल असं काम!

पण मी खुंटीसारखा गप्प राहिलो असतो तर ना! मुलाकडचे गिरगावात राहणारे, लग्न दादरला, नवरदेवाला आणायला गाडी पाठवायची मुलीकडच्यांनी. ते बिचारे म्हणाले, 'साधी टॅक्सी चालेल.' नलू म्हणाली, 'टॅक्सीच बरी.' आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, 'टॅक्सी? माझ्या बेबीच्या नवऱ्याला टॅक्सी? अमेरिकन गाडी आणतो! स्वतः चालवत आणतो!'

का म्हणालो? कशासाठी म्हणालो? तेव्हा मी जालभाईंच्या मोटारींच्या दुकानात हेडक्लार्क. मोटारी चालवायचो, पण जास्त करून कागदावर. जालभाई म्हणजे दिलदार पारशी. मी भीत भीत विचारलं, तर खुर्चीतून उठून मिठी मारली माणसानं! 'अरे अण्णा, ले जा नी गाडी! तेरी भाणजी सो मेरी भाणजी! पन एक बात सुन. वो सीटनी कळ हाय ना, उसको हात नै लगाने का. साला कोई कोई वखत चोंटी जाय छे!'

चोंटी जाय छे, म्हणजे चिकटून बसते. ऐकलं मी. ह्या कानानं ऐकलं. आणि तरी... जाऊ दे.

ही सीट काय चीज होती ते आधी समजून घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल मामा वेंधळा. आपल्या साध्या गाडीत सीट सरकवायची तर खाली दांडी असते, ती उचलायची आणि बूड रेटायचं. ह्या गाडीत तसलं काही नाही! पुढचं सगळं एकच बाक, ह्या दारापासून त्या दारापर्यंत, बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यासारखं, आणि चालवणाऱ्याच्या बाजूला, दाराकडच्या कडेला, एक चकचकीत कळ. कळ पुढे लोटली, गूंऽऽऽ... अख्खं बाक पुढे! मागे लोटली, मागे! वर उचलली, वर! खाली दाबली, खाली! माणसानं नुसतं बसायचं, बाकी सगळं विजेवर. मला वाटलं, आपण मोटारीत नाही, इंद्राच्या दरबारात बसलोय!

तर सकाळी गिरगावात पोचलो, नऊलाच. वेळेवर! आयुष्यात पहिल्यांदा! पण मुलाकडच्यांनी काही सोडलं नाही. 'मुलीचे मामा आले, तोंड गोड करा!' एक लाडू, दोन लाडू... व्याह्यांना नाही म्हणायचं कसं? सहा बेसनाचे लाडू खाल्ले मी. सहा! हे लक्षात ठेवा, पुढे पोटाचा हिशेब लागणार आहे.

जावईबापू, मनमोहनराव, मुंडावळ्या बांधून मागच्या सीटवर. एकटेच. गरीब स्वभाव, बोलणं कमी. वऱ्हाड ट्रामनं पुढे गेलेलं. आणि पुढे माझ्या शेजारी कोण? नवऱ्यामुलाची चंपाआत्या! पाच फुटांच्या आत सगळा कारभार, पण नथ अशी की आरशात मागची गाडी दिसण्याआधी नथ दिसायची. 'मानाची जागा पुढची, मी पुढेच बसणार!' बसा. भायखळ्यापर्यंत गप्प होत्या. मग माझ्याकडे बघितलं, बाकाकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

'अहो मुलीचे मामा...'

'बोला आत्याबाई!'

'तुम्ही आणि आम्ही एकाच पातळीवर बसलोय!'

'बाक एकच आहे ना...'

'बाक एक असेल, मान एक आहे का? मुलाकडची आत्या आणि मुलीकडचा मामा मांडीला मांडी लावून, समान? दादरला उतरताना चार माणसं बघतील, काय म्हणतील? आम्हाला वर घ्या!'

आता सांगा! रुसली तर? लग्नाच्या मांडवात मुलाकडची आत्या रुसली म्हणजे काय होतं ते तुम्ही तोरणं बांधणाऱ्या लोकांनी जेवढं बघितलंय तेवढं कुणी बघितलं नसेल. जालभाईंचे शब्द कानात होते हो... पण आत्याबाई शेजारी होत्या! उचलली कळ. गूंऽऽऽ... आत्याबाई वर. पण बाक एकच! आत्याबाईंबरोबर मीही वर!

'तुम्ही कशाला वर आलात?'

'मी आलो नाही, मला आणलं...'

'खाली व्हा!'

दाबली कळ. दोघेही खाली. 'मला कशाला खाली आणलंत?' परत वर. भायखळ्यापासून चिंचपोकळीपर्यंत आमची गाडी पुढे चालली होती आणि आम्ही दोघं वर-खाली, वर-खाली, जत्रेतल्या पाळण्यासारखे! शेवटी मी वाकून, मान खांद्यात घालून, कासवासारखा गाडी चालवायला लागलो, तेव्हा कुठे आत्याबाईंची नथ शांत झाली. पण लालबागला गर्दी लागली, गाडी थांबवली, आणि त्या म्हणतात, 'माझे पाय लोंबतायत. पुढचं काही दिसत नाही. बाक जरासं पुढे घ्या.'

जरासं! मी कळ जराशी लोटली. गूंऽऽऽ... सरकलं. हात काढला. गूंऽऽऽ... हात काढलाय हो! गूंऽऽऽ... चोंटी गई! कळ चिकटली! मी तिला मागे ओढतोय, ती ढिम्म, आणि बाक आपलं चाललंय, सावकाश, शिस्तीत, जसं काही त्याचाच मुहूर्त टळतोय! सहा लाडवांचं पोट चाकाला टेकलं. मग रुतलं. मग चाकावरची ती गोल रिंग असते ना हॉर्नची, ती दाबली गेली आणि... पोंऽऽऽऽऽऽऽ! खालून 'टक्' असा आवाज झाला, सीट थांबली, कळही सैल झाली, पण हॉर्न? हॉर्न कसा थांबेल? त्याच्यावर मी होतो!

श्वास आत घेतला, हॉर्न. बाहेर सोडला, हॉर्न. घाबरून इंजिन बंद केलं, तरी हॉर्न! गाडी अमेरिकन, चाक डावीकडे, म्हणजे मी फुटपाथाच्या बाजूला, लोकांच्या अगदी पुढ्यात, बरणीत कोंबलेल्या लोणच्यासारखा. आणि मागून जावईबापूंचा शांत आवाज, 'मामा, आता इथे पाय छान पसरता येतात हं.'

साडेदहा वाजले होते. मुहूर्त अकरा-सातचा. मी कळ खटाखटा मागे लोटतोय. आणि सीट? सीट आपली पुढे!

बरं, दिवस कुठले? दर दोन दिवसांनी मोर्चा! त्या दिवशीही लालबागला मोर्चा जमत होता, माणसं झेंडे घेऊन कोपऱ्याकोपऱ्यावर उभी. त्यांनी बघितली मोठ्ठी गाडी, तिला फुलांच्या माळा, हॉर्न थांबता थांबत नाही... 'पुढारी आले रे! निघायची खूण झाली!' अरे, शेपाचशे माणसं गाडीभोवती! 'संयुक्त महाराष्ट्र... झालाच पाहिजे! मुंबईसह... झालाच पाहिजे!' एकजण काचेत तोंड घालून म्हणतो, 'साहेब, दोन शब्द बोला!' मी जीव खाऊन ओरडलो, 'अहो मी इथून हलूच शकत नाही!' तो वळून लोकांना सांगतो, 'साहेब म्हणतायत, आम्ही इथून हलणार नाही!' टाळ्या! काय टाळ्या! माझ्या आयुष्यातलं सर्वात गाजलेलं भाषण, आणि त्याच्या प्रत्येक शब्दावर हॉर्न!

शेवटी एकाला कळलं. भिवा नाव त्याचं. काळाचौकीला राहणारा, गिरणीत फिटर, सुट्टी टाकून मोर्चाला आलेला. त्यानं माझं पोट बघितलं, चाक बघितलं, आणि म्हणाला, 'हे पुढारी नाय रे, हे अडकलेत!' चार माणसं लावली, एक, दोन, तीन, बाक मागे रेटलं. हलतंय? आठ माणसं लावली. नाव नको! मग भिवा टॉर्च घेऊन खाली घुसला आणि मंडळी, माझा जीव चाललाय, मुहूर्त चाललाय, आणि खालून काय ऐकू यावं?

'आयला! काय काम केलंय!'

'भिवा, बाबा, सोडव...'

'मामा, बघायला पाहिजे होतं तुम्ही! नारळाएवढी मोटर हाय. तिच्यातनं दोन वायरी निघाल्यात, दोन बाजूला. वायरी म्हंजे करंटाच्या नाय, आतून फिरणाऱ्या, जाड. त्या जाऊन दोन स्क्रू फिरवतात, आन् स्क्रू फिरला की सीट सरकती. दोनीकडचे स्क्रू एकदम, म्हंजे सीट वाकडी होणार नाय!'

'मग ढकलल्यावर का जात नाही रे?'

'कशी जाईल? शिकंजा बघितलाय का लोहाराकडचा? हँडल फिरवलं तर जबडा सरकतो. जबडा ढकलून हँडल फिरतं का? स्क्रूनं सीट हलती, सीटनं स्क्रू हलत नाय. तुम्ही शिकंज्यात हाय, मामा!'

हे मला माझ्या पोटाला विचारून कळलं असतं!

'आणि ते टक् वाजलं ते?'

'कटाउट पडला. लई जोर आला की करंट तुटतो. मोटर जळू नये म्हणून सोय हाय.'

'आणि माणूस चिरडू नये म्हणून?'

थोडा वेळ टॉर्च इकडे-तिकडे फिरला. 'तसली काय दिसत नाय.'

वा रे अमेरिका! मोटर वाचवायची सोय, मामा वाचवायची नाही! भिवा म्हणाला, पाच मिनिटांत कटाउट थंड होईल, आपोआप चिकटेल, मग कळ मागे लोटा. पाच मिनिटं! पण त्या पाच मिनिटांत हॉर्न बॅटरी पीत होता ना! एक बॅटरी आणि खाणारे दोन, सीटला तीच हवी, हॉर्नला तीच हवी, आणि हॉर्न पंगतीला आधी बसलेला! आधी तो हत्तीसारखा ओरडत होता, मग म्हशीसारखा, मग... माझ्या डोळ्यांदेखत तो मांजर झाला हो! मी ओरडतोय, 'भिवा, हॉर्नची वायर तोड!' तो बॉनेट उघडायला धावला, बॉनेट अमेरिकन, कुठून उघडतं कुणाला ठाऊक! उघडलं. वायर तोडली. गप्प. सगळं लालबाग गप्प. मी देवाचं नाव घेतलं, कळ मागे लोटली. गूं... गूं... गू...

दोन बोटं. दोन बोटं मागे गेली सीट आणि बॅटरी संपली. हॉर्नवरून पोट सुटलं, चाकातून मी नाही सुटलो! पावणेअकरा. दादरला बेबी पिवळी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून बसलेली, भटजी घड्याळ बघतायत, नलू दाराकडे बघतेय आणि मनात म्हणतेय, आज कुठली म्हैस व्याली... आणि सीट? सीट आपली पुढे!

पण भिवा पेटला! बॉनेटवर उभा राहिला आणि ओरडला, 'मंडळी, मोर्चा आज दादरमार्गे जाईल! भाचीचं लग्न... झालंच पाहिजे!' आणि शेपाचशे गळे, 'झालंच पाहिजे! मामासह... झालंच पाहिजे!' लागले चाळीस हात गाडीला! परळ मागे पडलं, गॅलऱ्यांतून बाया अक्षता टाकतायत, हवालदार सलाम ठोकतायत, आत्याबाई झेंडा धरून घोषणा देतायत! दादर आलं, फाटक आलं, 'अरे थांबा!' म्हणेपर्यंत गाडी थेट मांडवात! अंतरपाट धरलेला, भटजी हाळी देतायत, 'मुलीच्या मामांनी...' आणि मी खिडकीतून हात काढला, बेबीनं तो धरला, आणि लोकांनी गाडी इंच-इंच ढकलत तिला पाटापर्यंत नेलं! अख्खी मंगलाष्टकं मी तिच्या पाठीशी उभा. म्हणजे बसलेला. पण पाठीशी! शेवटचं 'सावधान' झालं, ताशा कडाडला, आणि त्या हादऱ्यानं... गूंऽऽऽ... सीट मागे!

काय? तोरण का सोडलंत हातातून?

बरं. बरं बाबा. ते हॉलचं दार बघितलंत तुम्ही, त्यातून हातगाडी जात नाही. तुम्ही रोज बघता ते दार. कळलं तुम्हाला.

लाडू सहा नव्हते. नऊ होते. आणि लालबागपर्यंतचं सगळं तसंच घडलं, कळ, आत्याबाई, हॉर्न, भिवा, दोन बोटं, सगळं. पण गाडी कुणी ढकलली नाही. मोर्चा त्याच्या वाटेनं निघून गेला, त्यांचं काम मोठं होतं. मनमोहनराव खाली उतरले, खिडकीशी आले, म्हणाले, 'मामा, मी थांबू का?' नवरदेव हो! मुहूर्ताला वीस मिनिटं राहिलेली, आणि विचारतो, थांबू का! मी म्हटलं, 'जा.' आत्याबाईंना घेऊन ते ट्राममध्ये चढले. ट्रामच्या बाकावर गिरणीवाले, भाजीवाल्या, सगळे एकाच पातळीवर, आत्याबाईंनी हूं की चूं केलं नाही. ट्राम वळेपर्यंत जावईबापूंच्या मुंडावळ्या दिसत होत्या मला.

भिवा तेवढा राहिला. म्हणाला, सीटचे रूळ खालच्या पत्र्याला चार बोल्टांनी धरलेत, सोडवतो. पण बोल्ट अमेरिकन, आपला एक पाना बसेल तर शपथ! शेवटी छिन्नीनं एकेक तोडला त्यानं, दीड वाजता सुटलो.

पोचलो तेव्हा तिसरी पंगत उठत होती. भटजींनी तीनदा हाळी दिली म्हणे. बेबी खोलीच्या उंबऱ्यात बसून राहिली, 'मामा येईल' म्हणत, पाच मिनिटं राहिली तरी उठेना. शेवटी नलूच्या शेजारचा रमाकांत, टपाल खात्यातला, तो मामा म्हणून उभा राहिला. चांगला उभा राहिला असं सगळे म्हणतात. फोटोत आहे.

मी गेलो तिच्यासमोर. तोंड उघडलं, आणि काही सुचेना. म्हैस सुचेना, पारडू सुचेना. जे घडलं ते कोण खरं मानणार होतं? बेबीनं माझ्या सदऱ्याकडे बघितलं, चाकाची काळी कमान उमटलेली पोटावर, आणि म्हणाली, 'मामा, आता गोष्ट चालेल.'

म्हणून ती मांडवातली गाडी मी तिथे, उभ्या उभ्या रचली. तिच्यासाठी. आणि मजा सांगू? आता सासरी कुणी विचारलं तर तीच सांगते, 'आमचा मामा गाडीसकट मांडवात आला होता!' मनमोहनराव शेजारी बसून मान डोलावतात, आत्याबाई म्हणतात, 'झेंडा माझ्याच हातात होता!' साऱ्या घराला ठाऊक आहे तिच्या पाठीशी कोण उभं होतं, आणि सारं घर खोटं बोलतंय, माझ्यावरनं शिकून!

परवा दुर्गाचं लग्न. जालभाई म्हणाले, 'अण्णा, गाडी ले जा नी, नवी हाय, ये तो छे-छे बाजू सरकती है!' सहा बाजूंनी! मी हात जोडले. अहो, महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, पंधरा दिवस झाले त्याला, एवढा मोठा अडकलेला कारभार सुटला... आणि मी? लालबागवरून आज आलो ना, तर त्या कोपऱ्यावर पाय आपोआप थबकले आणि हात पोटावर गेला.

हो, चालतच आलो. गिरगावातून, बेबीच्या सासरहून. सकाळी सहाला निघालो. आता ही पायरी सोडणार नाही, परवाच्या मुहूर्तापर्यंत. तुम्हाला झाडायचं असेल तर माझ्या बाजूनं झाडा.

फक्त एक सांगा... ती खुर्ची देताय मला बसायला, ती साधी आहे ना? लाकडी?